अकरा आबांची बारी

निरगुडसरच्या दादाभाऊंना लोक पाठीमागे 'अकरा आबा' म्हणत आणि तोंडावरही 'अकरा आबा'च म्हणत, त्यामुळे त्यात लपवाछपवीचा प्रश्न नव्हता. एकवीस वर्षांपूर्वी थोरल्या माळाच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, आपण जुपलेला बैलगाडा पुऱ्या अकरा सेकंदांत निशाणाखालून गेला, असं ते सांगत. गाडा इतका पळाला की बैल वर पोचले तेव्हा त्यांच्या सावल्या अजून अर्ध्या घाटात होत्या, असंही सांगत. सावल्यांचं लोक सोडून देत. अकराचं मात्र कुणी सोडत नसे.

कारण त्या घाटातली सर्वमान्य वेगवान बारी, म्हणजे गाड्याची धाव, होती बारा सेकंदांची, आणि ती पिंपळवंडीच्या रामनाथची. बारा आणि अकरात असा कितीसा फरक, असं ज्याला वाटेल त्यानं बैलगाड्याच्या मुलखात पिण्याचं पाणीसुद्धा मागू नये.

आबांकडे पुरावा नव्हता. ती दिवसाची शेवटची बारी. यात्रेची आमटी-भाकरी सुटल्याचा पुकारा झाला आणि सगळी माणसं घाटाकडे पाठ करून पंगतीकडे पळाली. निकालाची वही बोकडानं खाल्ली. घड्याळ धरणारे दोघं वारले. ज्यांनी माइकवरून ती बारी पुकारली ते गेणभाऊही गेले. गेणभाऊ म्हणजे असा निवेदक, की दिवस उगवताना श्वास आत घ्यायचा आणि मावळताना सोडायचा, मधे सगळं बोलणं.

यंदा यात्रा कमिटीनं ठरवलं की घाटाच्या माथ्यावर एक काळा दगड उभा करायचा आणि त्यावर घाटातली सर्वात वेगवान बारी कोरायची: सेकंद आणि चार बैलांची नावं. यात्रेला आठ दिवस उरले होते. पाथरवटानं दगड घासून आरशासारखा केला होता आणि 'बारा'वर खडूची खूण करून ठेवली होती.

"माझं नाव नगं," आबा म्हणाले. "माझं रेशन कार्डावर हाय, तेवढं बास. पर माझ्या बैलांची ऱ्हायली पायजेत. मुकी जनावरं. त्यांच्या बाजूनं बोलणारा मी येकटाच, आन् माझ्यावर कुणाचा इस्वास न्हाई."

हे ते नारायणगावात तय्यबभाईंच्या दुकानात बसून म्हणाले. तय्यबभाईंचे भोंगे आसपासच्या दोन्ही तालुक्यांत वाजत. प्रत्येक घाटात मशीनला टेप जोडून त्यांनी गेणभाऊंचा शब्दन् शब्द उतरवून ठेवला होता. सहाशे चाळीस कॅसेटी! एकेका दिवसाच्या कॅसेटींचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा. फक्त एका पावसाळ्यात माळ्याचं छत गळलं, लेबलांचा डिंक सुटला आणि कोणता गठ्ठा कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, ते देवाला ठाऊक राहिलं.

देवाखालोखाल ते कळण्याची शक्यता होती ती तय्यबभाईंच्या लेकीला, रुमानाला. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करी, आणि उरलेल्या वेळात बापाच्या कॅसेटी संगणकात भरी. बोलणं ऐकून लिहिणाऱ्या प्रोग्रामकडून तिनं सगळ्या कॅसेटींचा मजकूर करून घेतला होता. आता त्या मजकुरात शोधणारं स्वतःचं यंत्र ती बांधत होती. यंत्र म्हणजे प्रोग्रामच, पण आबा त्याला यंत्र म्हणत, म्हणून तीही म्हणू लागली.

त्याच वेळी भोंगे ठरवायला रामनाथ दुकानात शिरला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा.

"काय आबा, किती वाजले? अकरा का?"

"रामनाथकाका," रुमाना वरच्या जिन्यावरून म्हणाली, "बारी टेपमध्ये असेल तर माझं यंत्र काढील."

"आन् न्हाई निघाली तर?"

सगळे आबांकडे बघू लागले. आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "न्हाई निघाली तर जन्मात अकराचं नाव घेणार न्हाई. दहाच्या पुढं थेट बारा मोजीन."

"आन् निघाली तर दगडावरचं बारा मी माझ्या हातानं पुसतो," रामनाथ म्हणाला आणि हसत हसत सहा भोंगे ठरवून गेला.

रुमानाच्या यंत्राची रीत साधी. मजकुरातल्या प्रत्येक शब्दाला नंबर दिलेला: अमुक गठ्ठ्यातला इतकावा शब्द. 'हरण्या' म्हणून विचारलं की दोन्ही तालुक्यांतले सगळे हरण्या दावणीला बांधल्यासारखे पुढ्यात उभे.

"बैलांची नावं सांगा, आबा."

"पुढं हरण्या आन् पाखऱ्या. माझ्या दावणीचे. मागं चिमण्या."

"आणि चिमण्याबरोबर?"

"व्हता येक बैल."

"नाव?"

"बैलच व्हता," आबा म्हणाले आणि तंबाखू मळू लागले. ज्या माणसाला त्या दिवशीच्या आमटीत मीठ किती होतं ते आठवत होतं, त्याला चौथ्या बैलाचं नाव आठवेना. रुमानाला नवल वाटलं, पण वयोमान म्हणून तिनं ते सोडून दिलं.

तिनं तीन बैल, 'दादाभाऊ', 'अकरा' आणि 'सेकंद' असे शब्द टाकले आणि यंत्राला सांगितलं, हे सगळे शंभर शब्दांच्या आत एकत्र असतील तेवढे दाखव. तीनशे बारा ठिकाणं निघाली. शंभर शब्द म्हणजे गेणभाऊंचं नुसतं खाकरणं. तेवढ्यात ते चौदा बैल, तीन गावं आणि एक हरवलेलं पोर पुकारून मोकळे होत. एका बारीतला हरण्या, दुसरीतला पाखऱ्या, आणि 'अकरा' म्हणजे टोकन नंबर. तिनं दोरी आवळली, वीस शब्दांवर आणली. एकही ठिकाण उरलं नाही. दोरी सैल सोडली की अख्खा बाजार आत, आवळली की घरचा बैलही बाहेर.

आबा बराच वेळ पडद्याकडे बघत होते. "पोरी, तू ह्या समद्यांना येकाच दोरीनं बांधतीस?"

"हो."

"गाडा असा जुपत्यात व्हय? कुठली गं तू? जुन्नर तालुक्यातली न्हवं?" त्यांनी टेबलावरच्या चार कॅसेटी ओढल्या. "हे बग. आधी पुढच्या दोघांच्या मानंवर येक जू. ते दोघं लई जवळ, मधी वीतभर जागा. मग मागच्या दोघांवर दुसरं जू. मग ही जोडी त्या जोडीला बांधायची, ती दोरी जरा लांब. मग समद्यांच्या मागं गाडा. आन् गाड्यापासनं निशाणापर्यंत अख्खा घाट. हरेकाची दोरी येगळी! जू आखूड, घाट लांब. येकच माप लावलं तर बैल तरी गुदमरंल, न्हाईतर गाडा तरी सुटंल."

रुमाना कॅसेटींकडे बघतच राहिली. आपण पुण्यात चार वर्षं फी भरली ती कशाची, असं तिला क्षणभर वाटलं.

मग तिनं यंत्र नव्यानं बांधायला घेतलं. हरण्या आणि पाखऱ्या चार शब्दांच्या आत असले तर त्यांची एक जोडी. जोडी झाली की ते दोन शब्द राहिले नाहीत, एक जिन्नस झाला. तो जिन्नस चिमण्यापासून बारा शब्दांच्या आत असला तर त्यांचा मिळून गाडा. 'अकरा' आणि 'सेकंद' शेजारी शेजारी असले तर ती वेळ. आणि गाड्यापासून वेळ दोनशे शब्दांच्या आत, कारण बैल पळाल्यावर घड्याळवाल्यांचा निकाल येईपर्यंत गेणभाऊ स्वस्थ बसणारे नव्हते. कंसात कंस, त्या कंसाच्या पोटात आणखी कंस.

तय्यबभाई चहा घेऊन आले, पडद्यात डोकावले. "बेटा, सातवीत कंस सोडवायला दिले की रडायचीस. आता आपणहून घालतेस?"

तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तिनं शोध लावला. यंत्रानं उत्तर दिलं: शून्य.

एकदा, दोनदा, पाचदा. शून्य.

आबा उठले. दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं रुमानाला बाहेरून बारीक पुटपुटणं ऐकू आलं. "आठ, नऊ, दहा... बारा. आठ, नऊ, दहा... बारा." म्हातारा सराव करत होता.

रुमानाला ते ऐकवेना. तिनं रागारागात पुन्हा पडदा पुढं ओढला आणि एक गोष्ट केली जी तिनं पहिल्याच दिवशी करायला हवी होती. आबांची बारी खरी की खोटी ते कुणालाच माहीत नव्हतं. पण रामनाथची तर सगळ्या जगाला माहीत होती! तिनं रामनाथच्या चार बैलांची नावं घातली आणि 'बारा सेकंद'. जी बारी टेपमध्ये आहेच, ती यंत्राला सापडते का बघू.

यंत्र म्हणालं: शून्य.

रुमाना ओरडलीच. "आबा! रामनाथकाकांचीही नाही सापडली!"

"मग त्योबी खोटं बोलतोय म्हंतीस?" आबांचा चेहरा उजळला.

"नाही हो. माझं यंत्र खोटं बोलतंय!"

कुठं, ते मात्र कळेना. यात्रेला दोनच दिवस उरले. तिनं चारही बैलांच्या नावांवरून रामनाथच्या बारीचा गठ्ठा हुडकून उलगडला, मजकूर पहिल्या शब्दापासून वाचत गेली, आबा शेजारी बसून ऐकत होते. अगदी सुरुवातीलाच रामनाथचे बैल आले.

"हे बघा, जोडी इथं आहे. यंत्रानं ती बरोबर धरलीय. पण इथून पुढं दोनशे शब्दांत 'बारा सेकंद' नाहीच."

"कसं असंल? ही सकाळची यादी हाय. गेणभाऊ सकाळी समद्या बाऱ्या वाचून दावायचा. बैल पळाला दुपारी."

"मग दुपारी जोडी पुन्हा पुकारली असेल."

"पुकारली असंलच की. तुझं यंत्र काय करतंय मग?"

"ते..." रुमाना थांबली. "ते पहिली जोडी सापडली की 'सापडली' म्हणतं आणि पुढं बघतच नाही."

आबांनी कपाळाला हात लावला. "शाळंत हजेरी झाली म्हंजे पोरगं शिकलं का? बैल दिवसातनं धा डाव जुपला जातो, पोरी. हरेक जुपणी येगळी धर. कोणती कामाची, ते निशाण सांगंल, जू न्हाई."

एवढं ऐकल्यावर दुसरी चूक तिला आपोआप दिसली. जोडीला यंत्र एक ठिपका समजत होतं, पहिल्या बैलाच्या जागेवरचा. तिथूनच सगळी मापं टाकत होतं. पण मागची दोरी कुणी पुढच्या बैलाच्या शिंगाला बांधत नाही. जोडीला सुरुवात असते आणि शेवट असतो. जे टोक जवळ, तिथून मोजायचं. प्रत्येक कंसानं आतल्या सगळ्या जुपण्या, त्यांच्या दोन्ही टोकांसकट, बाहेरच्या कंसाच्या हाती द्यायच्या. चूक एका ओळीत सांगता आली तरी दुरुस्तीला दीड दिवस गेला. शेवटच्या चार ओळी तिनं यात्रेच्या सकाळी, भोंग्यांनी भरलेल्या टेम्पोत, मांडीवर लॅपटॉप ठेवून लिहिल्या. टेम्पोनं खड्डा घेतला की एक कंस जास्त पडायचा.

माळावर माणूस मावत नव्हतं. दगड फुलांच्या माळांनी झाकलेला, पाथरवट छिन्नी घेऊन बसलेला. मांडवात कमिटी, रामनाथ, आणि कोपऱ्यात आबा, धुतलेल्या टोपीत. तय्यबभाईंनी लॅपटॉपची वायर भोंग्यांना जोडली. मजकुरातला शब्द दाबला की टेपमधला त्याच जागेचा आवाज लागायचा, एवढी सोय रुमानानं करून ठेवली होती.

"आधी रामनाथकाकांची," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

एक ठिकाण. दाबलं, आणि माळावर गेणभाऊंचा आवाज घुमला, ताजा, रसरशीत: "बारा सेकंद! पुरे बारा! पिंपळवंडीकर, फेटे उडवा!" मेलेल्या माणसाचा आवाज ऐकून म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. पिंपळवंडीकरांनी खरोखरच फेटे उडवले. रामनाथनं चोहीकडे हात जोडले.

"आता आबांची."

रुमानानं हरण्या-पाखऱ्याची जोडी जुपली, चिमण्या बांधला, अकरा सेकंदांचं निशाण लावलं, आणि सर्वांत बाहेरच्या कंसात मालकाचं नाव घातलं: दादाभाऊ. बटण दाबलं.

शून्य.

मांडवात आधी कुजबुज, मग हसू. "आबा," रामनाथ माइकवरून म्हणाला, "दहाच्या पुढं किती वो?"

सगळा माळ हसला. आबा उठले, काठी टेकत रुमानाजवळ आले आणि तिच्या कानाशी वाकले. "पोरी, माझं नाव काढ त्यातनं."

"का? तुमचीच बारी ना?"

"काढ म्हंतो ना. जू बैलाच्या मानंवर असतंय, मालकाच्या न्हाई."

तिनं बाहेरचा कंस सोडला. बाकी जुपणी तशीच ठेवली आणि पुन्हा बटण दाबलं.

सहाशे चाळीस कॅसेटींतून एक ठिकाण निघालं. एकच.

तिनं शब्द दाबला, भोंगे खरखरले.

"आता शेवटची बारी!" गेणभाऊ म्हणाले. "डोंगरातल्या भागू यांचा गाडा! पुढं हरण्या आणि पाखऱ्या, मागं चिमण्या, आणि चिमण्याशेजारी हा कोण पावणा? अरं, अंगभर हळद माखली म्हणून गेणभाऊ फसतोय व्हय? शिंगं वळखतो मी! हा तर पिंपळवंडीच्या चिमाजींचा गरुड्या! राव, वाट सोडा! सुटला, सुटला गाडा! भिर्रर्रर्र..."

सगळा माळ रामनाथकडे वळला. रामनाथच्या हातातला माइक खाली आला. चिमाजी म्हणजे त्याचा बाप, वारून पाच वर्षं झालेला. गरुड्याला रामनाथनं स्वतः वासरू असल्यापासून पेंड चारली होती.

भोंग्यातून गाडा घाट चढत होता. मग गेणभाऊ निकालाची वाट बघत बडबडत राहिले. कुणाची तरी चप्पल मंडपापाशी सापडली होती, आमटी संपत आली होती, वाढप्यांनी घाटाकडे एकदा तरी बघावं अशी त्यांची विनंती होती. बरोबर एकशे सत्याऐंशी शब्द झाल्यावर ते किंचाळले:

"काय? पुन्हा सांगा! अकरा सेकंद? अकरा सेकंद! अरं, कुणी हाय का बघायला? सगळे आमटीला मेलात का? पुरे अकरा!"

रुमाना खुर्चीवर उभी राहिली होती, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"त्या वर्षी आपल्या दोन गावांचं बोलणं बंद व्हतं, रामनाथ," आबा हळूच म्हणाले. "तुझा बाप माझा जिवलग. माझा चौथा बैल लंगडला, तर त्यानं आपला बैल दिला, हळद फासून. बारी चिमण्याच्या मालकाच्या, भागूच्या नावानं जुपली, म्हंजे कुणाला संशय नगं. म्हनला, दादाभाऊ, तुझ्या तोंडून माझ्या बैलाचं नाव निघायचं न्हाई. शब्द दिला."

"एकवीस वर्सं?" रामनाथ पुढं आला. "लोक थुंकले तुमच्यावर, आमी थट्टा केली, तरी?"

"शब्दाला साल नसतंय. आन् आज बी माझ्या तोंडून निघालं न्हाई." आबांचे डोळे मिचमिचले. "भोंग्याच्या तोंडून निघालं. भोंग्यानं कुठं शब्द दिलाता?"

रामनाथ मटकन खाली बसला आणि एकदम हसू लागला, रडू लागला, दोन्ही एकदम. "त्या राती गरुड्या पिवळाधम्मक घरी आल्ता! मी इचारलं, तर बाप म्हनला, हळदीच्या रानात लोळला. अवो, आमच्या शिवारात हळद लावतंय कोण!"

मग तो उठला, दगडापाशी गेला, माळा बाजूला सारल्या आणि इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीनं 'बारा'ची खडूची खूण पुसली. बाही पांढरी झाली. "पाथरवटदादा, घ्या छिन्नी. हरण्या, पाखऱ्या, चिमण्या, गरुड्या. आन् गाडा भागूचा."

"सेकंद किती?" पाथरवटानं विचारलं. त्यालाही मजा घ्यायची होती.

रामनाथनं माइक आबांच्या तोंडापुढं धरला. "तुमी सांगा, आबा. मोजून सांगा."

आबांनी टोपी सारखी केली. "आठ," ते म्हणाले. "नऊ. दहा." आणि थांबले, कारण पुढचा आकडा त्यांना म्हणू द्यायला कुणी तयारच नव्हतं. निरगुडसर आणि पिंपळवंडी, मांडव आणि माळ, टेम्पोच्या टपावर चढलेले तय्यबभाई आणि खुर्चीवर उभी रुमाना, सगळे एका श्वासात ओरडले. तय्यबभाईंचे सहाही भोंगे चालू होते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या पाट्या उतरवणाऱ्या हमालांनी म्हणे मनगटावरची घड्याळं बघितली, आणि खरोखरच अकरा वाजले होते.